ओढ्याची फॅट आणि ओढ्याचे लिटर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणासाठी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर जेवण आहे. त्यामुळे वेळ पाळायची जबाबदारी माझ्यावर किती मोठी आहे, याची मला कल्पना आहे.

आठवणींवर आधीच्या वक्त्यांनी छान बोलून झालं आहे. मी एका कामाबद्दल बोलणार आहे. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला. त्यातून काय करावं यावर बरीच चर्चा झाली आणि एक सूचना पुढे आली: शाळेमागच्या ओढ्याचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं, अहवाल फ्रेम करून शाळेला द्यावा, म्हणजे मुलांना प्रदूषण कळेल. सूचना चांगलीच आहे. पण एक बाटली भरून एक अहवाल आणला, तर त्यातून आपल्याला ओढ्याबद्दल जवळजवळ काहीच कळणार नाही. कदाचित चुकीचंच कळेल, आणि तेही फ्रेम करून भिंतीवर लागेल. म्हणून आज मी हा विषय मागून घेतला.

मी रसायनशास्त्रज्ञ नाही. माझी पदवी इंजिनिअरिंगची आणि काम सॉफ्टवेअरचं. कारखान्यांतल्या सेन्सरांकडून येणारे आकडे गोळा करायचे, साठवायचे आणि त्यांतले विश्वासाचे कुठले हे ठरवायचं, हे मी गेली वीस वर्षं करते आहे. आकडा छापील दिसला की माणसं त्याला मान देतात. तो कसा आला हे विचारायची सवय मला नोकरीने लावली.

आधी थोडक्यात, मोजायचं काय आहे? ओढ्यातल्या प्रदूषणाचे प्रकार पुष्कळ. त्यांतला एक असा, की ते विष नसून अन्न असतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस. आपण युरिया टाकतो, डीएपी टाकतो, ते याचसाठी. सांडपाण्यातही हेच असतं, शेणामुतातही हेच. शेतात पीक वाढवणारी ही द्रव्यं पाण्यात गेली की तिथलंही पीक वाढवतात. फक्त ते पीक शेवाळाचं आणि जलपर्णीचं असतं. मग शेवाळ मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. उजनीचं हिरवं पाणी किंवा पंचगंगेवरची जलपर्णी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे.

हे नक्की कशाने होतं, यावर एकेकाळी मोठा वाद होता. १९७३ साली कॅनडात ओंटारिओमधल्या एका तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकला, पण फॉस्फरस एकाच भागात. तो भाग हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचा नितळ राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला. गोड्या पाण्याच्या तळ्यांत फॉस्फरसवर लक्ष ठेवायला हवं, हे त्यानंतर बहुतेकांना पटलं.

आता अडचणींकडे येऊ. पहिली अडचण बाटलीची. तळं हिरवं व्हायला फॉस्फरस लागतो तरी किती? लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपाससुद्धा पुरतो. लिटरला ०.१ मिलिग्रॅम म्हणजे किती, तर दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक ग्रॅम. चहाच्या चमच्याचा पाव भागसुद्धा नाही. एवढीशी गोष्ट मोजायची असेल, तर घरातली पाण्याची बाटली धुण्याच्या पावडरीने घासून नेली की संपलं. पावडरीत फॉस्फेट असेल तर आपण ओढा मोजणारच नाही, पावडर मोजू. म्हणून बाटली सौम्य आम्लाने धुतात, मग शुद्ध पाण्याने, आणि काठावर त्याच ओढ्याच्या पाण्याने तीनदा विसळतात.

बाटली भरल्यावरही काम संपत नाही. त्या पाण्यात जीव असतात. बाटलीत बंद झाले म्हणून ते खायचे थांबत नाहीत. विरघळलेला फॉस्फरस मोजायचा तर पाणी लगेच, शक्यतो ओढ्याकाठीच, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, बर्फात ठेवायचं आणि ४८ तासांच्या आत तपासायचं. गाडीच्या डिकीत दोन दिवस उन्हात फिरलेली बाटली प्रयोगशाळेत पोहोचली, तर प्रयोगशाळा तिचं काम चोख करील, आकडाही देईल. तो आकडा त्या बाटलीचा असेल, ओढ्याचा नसेल.

दुसरी अडचण, आकडा कशाचा? प्रयोगशाळेत फॉस्फेट असलं की निळा रंग येतो आणि रंग जितका गडद तितकं प्रमाण जास्त. १९६२ साली मर्फी आणि रायली यांनी मांडलेली ही पद्धत आजही चालते. पण ती थेट वापरली तर प्रामुख्याने विरघळलेला फॉस्फेटच सापडतो. मातीच्या कणांना चिकटून आलेला फॉस्फरस मोजायला पाणी न गाळता, त्यात रसायन घालून ते आधी तापवून पचवावं लागतं. दोन्ही अहवालांवर नाव मात्र 'फॉस्फरस' असंच असू शकतं. आकड्यांत कितीतरी पटींचा फरक पडतो.

नायट्रेटची गंमत याहून मोठी. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. अमेरिकेत ती १०. यावरून कुणी म्हणेल, त्यांचे नियम आपल्या चौपट कडक. तसं काही नाही. आपण अख्खं नायट्रेट मोजतो, ते त्यातला फक्त नायट्रोजन मोजतात. नायट्रोजनचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेट येतं, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळपास एकच. फॉस्फेट आणि फॉस्फरसमध्ये असाच तिपटीचा फरक. खताच्या पोत्यावर तर तिसरीच भाषा. डीएपीच्या पोत्यावरचे ४६ टक्के हे फॉस्फरसचे नसतात, त्याच्या ऑक्साइडचे असतात. ५० किलोच्या पोत्यात खरा फॉस्फरस १० किलोच. तेव्हा अहवाल हातात आला की आधी एकक वाचा. 'लिटरला ३० मिलिग्रॅम' हा आकडा नायट्रेटचा असेल तर मर्यादेत आहे, नायट्रोजनचा असेल तर मर्यादेच्या तिप्पट आहे. लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जास्त नायट्रेटने कमी होते. त्यामुळे हा फरक नुसता कागदावरचा नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि आपल्या शीर्षकातली फॅट इथे येते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांच्या घरचं दूध डेअरीला जातं. डेअरीवाला नुसती फॅट बघून पैसे देतो का? नाही. फॅटही बघतो आणि लिटरही बघतो. ओढ्याचं तसंच आहे. बाटलीतून कळते ती फॅट, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम. ओढ्याने खालच्या तळ्यात, धरणात किंवा नदीत एकूण किती फॉस्फरस नेऊन टाकला हे कळायला लिटरही लागतात. फॅट गुणिले लिटर. याला भार म्हणतात.

एक हिशेब मांडते. आकडे समजुतीचे आहेत. समजा उन्हाळ्यात ओढा सेकंदाला ५० लिटर वाहतो आणि फॉस्फरस लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. दिवसाचा भार निघतो २१६ ग्रॅम. आता जूनमधला पहिला मोठा पाऊस. ओढा सेकंदाला ५,००० लिटर वाहतोय, पाणी गढूळ, नांगरलेल्या रानातली माती घेऊन आलेलं, फॉस्फरस ०.५ मिलिग्रॅम. पाणी शंभरपट, प्रमाण दहापट, भार हजारपट. असा पूर दिवसभर टिकला तर २१६ किलो. म्हणजे डीएपीच्या वीस-बावीस पोत्यांतला फॉस्फरस एका दिवसात गेला. तो एक दिवस म्हणजे साध्या दिवसांची जवळपास तीन वर्षं.

आता सांगा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकराला, कपड्यांना चिखल लागणार नाही अशा हवामानात बाटली भरली, तर तो दिवस सापडेल का? मी तर म्हणेन, पाऊस चालू असताना कुणी नमुना घ्यायला जातच नाही. आणि सगळं वाहून जातं ते नेमकं तेव्हाच.

नायट्रेट आणखी वेगळं वागतं. ते मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर जमिनीत मुरतं आणि हळूहळू ओढ्यात उतरतं. त्यामुळे ऐन पुरात कधीकधी पावसाच्या पाण्याने त्याचं प्रमाण कमी दिसतं आणि पूर ओसरल्यावर ते वर चढतं. म्हणजे एकाच बाटलीत फॉस्फरस जास्त आणि नायट्रेट कमी, आणि दोन दिवसांनी उलट. दोन्ही अहवाल खरेच.

हे इतक्या तपशिलाने मोजून कुणाला काय मिळालं, असं कुणी विचारेल. त्याला माझ्याकडे एक चांगलं उदाहरण आहे. कामानिमित्त मी काही वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात होते. तिथे मॉमी नावाची नदी शेतीच्या प्रदेशातून वाहत एरी सरोवराला मिळते. तिच्या मुखाशी टोलेडो शहर. २ ऑगस्ट २०१४ रोजी शहराने लोकांना सांगितलं, नळाचं पाणी पिऊ नका. सरोवरातल्या शेवाळाचं विष नळाच्या पाण्यात सापडलं होतं. उकळूनही उपयोग नव्हता, उलट पाणी आटून विष दाट झालं असतं. चार-पाच लाख माणसं तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर. श्रीमंत देशातलं शहर, समोर समुद्रासारखं गोडं पाणी, आणि दुकानांत बाटल्या संपलेल्या.

या सगळ्यावर बोलायला आधार होता, कारण तिथल्या हायडेलबर्ग विद्यापीठातली मंडळी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ती नदी मोजत होती. काठावर यंत्र ठेवलेलं, ते दिवसातून तीनदा नमुना भरतं. नदी शांत असेल तर त्यांतला एक तपासतात, पूर असेल तर सगळे. शेजारीच सरकारी केंद्र नदीचा प्रवाह मोजतं. फॅटही आणि लिटरही, वर्षानुवर्षं. या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. शेतकऱ्यांनी नांगरट कमी केली, माती धरून ठेवली आणि मातीबरोबर जाणारा फॉस्फरस आटोक्यात आला. पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला फॉस्फरस वाढत गेला, आणि शेवाळाला तोच लगेच खाता येतो. न नांगरलेल्या जमिनीवर वरच्यावर पडून राहणारं खत आणि शेताखालून पाण्याचा निचरा करणाऱ्या नळ्या, ही त्याची दोन कारणं सांगितली जातात. शेतकऱ्यांनी भल्यासाठी केलेल्या गोष्टीचा दुसरा परिणाम एकूण फॉस्फरसच्या आकड्यात लपून राहिला असता. विरघळलेला वेगळा मोजला म्हणून तो दिसला.

त्यानंतर अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून लक्ष्य ठरवलं, की मार्च ते जुलैमधला मॉमीचा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी करायचा. आता इथेही मोजमापाची मेख आहे. २०१२ साली दुष्काळ होता आणि शेवाळ कमी आलं. २०१५ साली पाऊस भरपूर आणि शेवाळ प्रचंड. मग २०१२ साली शेतकरी शहाणे होते आणि २०१५ साली बिघडले का? अर्थातच नाही. म्हणून एकूण भाराला एकूण पाण्याने भागून वर्षाची 'सरासरी फॅट' काढतात. पावसाचं कर्तृत्व कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे वेगळं करायला दुसरा मार्ग नाही, आणि त्यासाठी एक-दोन वर्षं पुरत नाहीत.

आता माझ्या धंद्यातल्या तीन गोष्टी. पहिली, पुराच्या दिवशीचा आकडा इतरांपेक्षा इतका वेगळा असतो, की कुणीतरी हुशार माणूस किंवा हुशार प्रोग्रॅम त्याला 'चूक' समजून गाळून टाकतो. वर दाखवलं तसं, तोच सगळ्यांत महत्त्वाचा असतो. दुसरी, यंत्राला जे सापडत नाही ते शून्य नव्हे. 'मोजता आलं नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे, आणि मोजायची मर्यादा किती होती हे शेजारी लिहायला हवं. तिसरी, मूळ आकडा कधीही पुसायचा नाही. शंका असेल तर शेजारी शेरा लिहा. वहीतलं खाडाखोड केलेलं पान हे फाडलेल्या पानापेक्षा चांगलं.

सेन्सर लावून टाकू की, असं आमचे इंजिनिअर मित्र म्हणतीलच. नायट्रेटसाठी अतिनील प्रकाशाचे सेन्सर आहेत आणि ते दर काही मिनिटांनी आकडा देतात. पण त्यांच्या काचेवर शेवाळ चढतं, गढूळ पाण्यात ते गोंधळतात, आणि हातात घेतलेल्या नमुन्याशी त्यांची तुलना करत राहावीच लागते. शिवाय किंमत आपल्या निधीच्या आवाक्याबाहेर. ओढ्याकाठी नियमाने जाणारं माणूस लागतंच.

हे सगळं आपल्या गावाला का लागू आहे, ते स्पष्ट बोलते. ओढा घाण कुणी केला, या प्रश्नावर आपल्याकडे उत्तरं ठरलेली आहेत. शेतकरी गावाच्या गटाराकडे बोट दाखवतात, गाव कारखान्याकडे दाखवतं आणि कारखाना शेताकडे. या सभागृहात शेती करणारे आहेत, गावाच्या कारभारात असलेले आहेत, उद्योग चालवणारेही आहेत. सगळे माझे वर्गमित्र. एका बाटलीच्या अहवालावरून यांतल्या कुणावरही ठपका ठेवता येतो आणि प्रत्येकाला तो झटकताही येतो. गावाच्या वर एक, गावाच्या खाली एक आणि नदीला मिळण्याआधी एक, अशा तीन जागी फॅट आणि लिटर दोन्ही मोजले, तर दोन जागांमधल्या पट्ट्यात किती वाढ झाली ते दिसतं. उन्हाळ्यात पाणी कमी असतानाही फॉस्फरस जास्त निघाला तर सांडपाण्याचा संशय येतो, पावसाबरोबरच वाढला तर रानाचा. अंदाज आणि पुरावा यांत अंतर आहे, आणि ते अंतर या नोंदींनीच भरून निघतं. ज्याच्यावर उगाच आळ येतो, त्यालाही याच नोंदी सोडवतील.

म्हणून माझा प्रस्ताव. फ्रेम नको, वही द्यावी. पुलाच्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवायची. शाळेत पर्जन्यमापक बसवायचा. रोज सकाळी नववीतले दोघे पट्टी आणि पाऊस वाचून वहीत लिहितील. प्रवाह मोजायला महागडं यंत्र नको. पाणी संथ असताना सरळ वाहणाऱ्या १० मीटरच्या टप्प्यावर संत्रं सोडायचं आणि घड्याळ लावायचं. समजा त्याला ५० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.२ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून तो ०.८५ ने गुणायचा. रुंदी २ मीटर आणि सरासरी खोली पाव मीटर असेल, तर प्रवाह सेकंदाला ८५ लिटर. वेगवेगळ्या पातळ्यांना असं अनेकदा मोजलं, की पट्टीचा आकडा वाचूनच प्रवाहाचा अंदाज सांगणारा आलेख तयार होतो. आपल्याला भूमिती कशाला शिकवता, असं आम्ही सरांना विचारायचो. सर, हे घ्या उत्तर.

नमुने पंधरा दिवसांतून एकदा, आणि पावसाळ्यात पाणी चढताना आणि उतरताना जादाचे आठ-दहा. प्रत्येक फेरीला एक बाटली शुद्ध पाण्याची, जी ओढ्यावर नेऊन आणायची. तिच्यात फॉस्फरस निघाला तर दोष आपल्या हाताळणीचा. अधूनमधून एकाच पाण्याच्या दोन बाटल्या वेगळ्या नावांनी द्यायच्या, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. आणि एक नियम अगदी कडक: पुरात एकही मूल काठावर जाणार नाही. नमुना मोठ्या माणसाने, पुलावरून, दोरीच्या बादलीने घ्यायचा. पाणी पुलाला लागायला आलं असेल तर तोही घ्यायचा नाही. राहिलेल्या नमुन्यापुढे वहीत 'पूर, घेतला नाही' असं लिहायचं.

हे किमान तीन पावसाळे चालवावं लागेल. निधीचा मोठा भाग प्रयोगशाळेच्या बिलात जाईल, भिंतीवर काहीच दिसणार नाही, आणि पहिल्या वर्षी सांगण्यासारखं फारसं हाती लागणार नाही. हे मी आत्ताच सांगते, म्हणजे पुढच्या मेळाव्यात कुणी विचारू नये. आकडे साठवायची आणि दर महिन्याला शाळेच्या फलकावर व गटावर आलेख टाकायची जबाबदारी मी घेते. नमुने बर्फात घालून वेळेत पोहोचवायला शहरात जाणारी गाडी हवी, आणि पावसात पुलावर उभी राहणारी दोन-तीन गावातली माणसं हवीत. पुण्यामुंबईच्या लोकांना ते जमणार नाही. पैसे आम्ही दिले तरी काम तुमचंच असणार आहे, म्हणून निर्णयही गावातल्या मित्रमैत्रिणींनी घ्यावा.

जेवणाच्या मंडपात दारापाशी एक वही ठेवली आहे. त्यात तीन रकाने आहेत: गाडी, पूल आणि बाटल्या. ज्याला जे जमेल त्याखाली नाव लिहा. प्रस्ताव पटला नसेल त्यांच्यासाठी मागचं पान कोरं आहे, तिथे कारण लिहा. मी ते वाचून उत्तर देईन.